पणत्यांना आलेली वेलांटी

कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे, सूर्योदयाला अजून चार घटका अवकाश असताना, कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर जो प्रकाश असतो तो ना रात्रीचा, ना दिवसाचा. मावळतीकडे कललेला चंद्र पैलतीरावर रेंगाळत असतो, पाण्यावरून धुक्याची पातळ साय सरकत असते, आणि अलीकडे काळ्या पाषाणाच्या पायरीपायरीवर, दीपमाळांच्या दगडी हातांवर, लहानग्या शिवालयांच्या उंबऱ्यांवर हजारो पणत्या तेवत असतात. तरुण मंडळींनी रात्र जागून रेखलेल्या रांगोळ्या त्या उजेडात अर्ध्या दिसतात, अर्ध्या कल्पाव्या लागतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही नदी. पावसाळ्यात हाच घाट दिवसचे दिवस तिच्या उदरात असतो. २०१९ आणि २०२१ या दोन महापुरांत राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पाण्याची कल्पना यावी. त्याच पायऱ्यांवरून कार्तिकात माणसे पणती घेऊन उतरतात, तेव्हा त्या पणतीत कृतज्ञता किती आणि धाक किती, हे ज्याचे त्याने जाणावे.

या दीपोत्सवाची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आज लिहावयाचे आहे ते त्याच्या एका छायाचित्राविषयी, आणि ते छायाचित्र ज्यांना दाखविले त्या दोघा परीक्षकांच्या अभिप्रायाविषयी. छायाचित्र मी काढले होते. ते बिघडले होते, हे आधीच सांगून टाकतो.

माझी आई लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हापासून एकही त्रिपुरी घाटावाचून गेली नव्हती. चातुर्मासात ती कापसाचे धागे काढी, साडेसातशे धागे मोजून त्यांची त्रिपुरवात करी, तुपात भिजवून ठेवी आणि पौर्णिमेच्या पहाटे नदीकाठच्या महादेवापुढे लावी. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे पार निकामी झाले. घाटाच्या पायऱ्या उतरणे अशक्य, आणि उतरलीच तर चढणे त्याहून अशक्य. तेव्हा आदल्या रात्री तिने पितळेच्या डबीतून ती वात माझ्या हाती दिली आणि म्हणाली, “तू लाव. आणि तुझा तो कॅमेरा घेऊन जा. मला तिथं बसल्यासारखं दिसलं पाहिजे.”

एवढेच सांगणे. परंतु छायाचित्रणाचा थोडाबहुत नाद असलेल्या माणसाला यापेक्षा अवघड काम कोणी सांगू नये.

अडचण कोणती, ते सांगतो. अंधूक प्रकाशात छायाचित्र काढावयाचे तर कॅमेऱ्याचे पडदे अधिक वेळ उघडे ठेवावे लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा निश्चल राहिला पाहिजे. म्हणून जाणते लोक तिवई लावतात. पण पहाटे पाच वाजता पंचगंगेच्या घाटावर तिवई लावणे म्हणजे काळोखात तीन पाय पसरून दुसऱ्यांना अडखळण्याची सोय करून ठेवणे. नऊवारीतल्या आजीबाई, कडेवरची पोरे, हाती तेलाची बुधली घेऊन पणत्या विझू न देणारे स्वयंसेवक, यांच्या वाटेत तिवई रोवणाऱ्याला पुण्य लाभेल असे वाटत नाही. दुसरा मार्ग झगझगाटी दिव्याचा, म्हणजे फ्लॅशचा. त्याचा प्रकाश चार-सहा हातांपलीकडे पोचत नाही, आणि जेथे पोचतो तेथील पणत्यांचे तेज पुसून टाकतो. शिवाय डोळे मिटून हात जोडलेल्या माणसाच्या तोंडावर वीज पाडणे हे असभ्यपणाचेही आहे. तेव्हा उरतो तो मनुष्याचा हात. थंडीने काकडलेला, गर्दीत धक्के खाणारा, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःहूनही थोडा थरथरणारा.

त्रिपुरासुराची कथा घरोघरी ठाऊक आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांनी, तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली यांनी, मयासुराकडून सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची अशी तीन फिरती नगरे बांधून घेतली. ती तिन्ही एका रेषेत येतील त्या क्षणी, आणि एकाच बाणाने, जो त्यांचा वेध घेईल त्याच्याच हातून त्यांचा नाश व्हावा, असा वर मिळविला होता. तो योग सहस्र वर्षांतून एकदा यावयाचा. शंकरांनी तो क्षण साधला, तीच ही पौर्णिमा. घाटावर कॅमेरा डोळ्याला लावून उभा असताना मला ही कथा एकसारखी आठवत होती, कारण माझीही तीन नगरे एका रेषेत येत नव्हती. वाऱ्याने न हलणारी ज्योत, समोरून न जाणारा माणूस आणि माझा स्थिर श्वास. दोन जुळली की तिसरे निसटे. आणि माझ्या भात्यात एकच बाण नव्हता, शे-दीडशे होते, तरीही.

सहा-साडेसहाला उजाडले. मी घरी आलो. आई उंबऱ्याशीच बसली होती. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर मी तिला एकेक चित्र दाखवू लागलो. तिने सात-आठ चित्रे मुकाट्याने पाहिली आणि विचारले, “माझी वात यात कुठं आहे?”

मी खिशात हात घातला. पितळेची डबी तशीच होती.

त्या क्षणाविषयी अधिक काही लिहिणार नाही. आई रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने डबी घेतली, झाकण उघडून वात सुकली तर नाही हे पाहिले आणि म्हणाली, “पौर्णिमा आहे अजून. तिन्हीसांजेला देवापुढं लावू.” तशी ती लावली. पण पहिल्या परीक्षकाचा पहिला अभिप्राय तेथेच मिळून चुकला होता: दीडशे चित्रे निघाली होती, आणि ज्या एका कारणासाठी गेलो होतो ते राहून गेले होते.

त्यांतली तीन चित्रे निवडून मी छापून आणली आणि आमच्या पेठेतल्या एका वृद्ध छायाचित्रकाराकडे गेलो. दुकान त्यांनी केव्हाच मुलाच्या हाती सोपविले आहे, पण दुपारी ते तेथे येऊन बसतात. कोल्हापूरला या कलेचा वारसा जुना. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा येथेच स्वतःच्या हाताने घडविला, आणि १९२३ च्या ‘सिंहगड’ मूकपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, हे चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. आमचे हे काका त्या वारशातले. म्हणजे कौतुक फार क्वचित करणारे.

पहिले चित्र त्यांनी डोळ्यांजवळ नेले. दीपमाळ, तिच्या मागे शिवालय, खाली पायऱ्या. मला वाटत होते ते ठीकच आले आहे. किंचित अस्पष्ट, एवढेच.

“ह्या पणत्यांना वेलांटी कुणी दिली?” काकांनी विचारले.

मी निरखून पाहिले. खरेच, प्रत्येक ज्योत एक ठिपका असावयाची ती एक आकडी झाली होती, वर ओढलेली आणि टोकाशी डावीकडे वळलेली. जवळच्या पणतीला ती आकडी होती, तशीच दीपमाळेच्या शेंड्यावरच्या पणतीलाही होती.

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते, वाचकहो, अशा छायाचित्राची परीक्षा करण्याची किल्लीच आहे. चित्रातले सगळेच दिवे एकाच आकारात, एकाच दिशेला फाटले असतील तर दोष हाताचा. दगड, देऊळ, दीपमाळ रेखीव आणि फक्त माणसे फाटलेली असतील तर हात निर्दोष. माणसे चालत होती एवढाच त्याचा अर्थ, आणि तो दोष मानण्याचेही कारण नाही. आणि पुढचा एक थर रेखीव, मागचा मऊ, किंवा त्याच्या उलट असेल, तर भिंगाचा नेम चुकला आहे. तिन्ही दोषांना आपण सरसकट ‘चित्र हलले’ म्हणतो. वैद्याने प्रत्येक दुखण्याला ‘ताप’ म्हणावे तसे हे झाले.

“आणि आकडी वर का ओढली गेली सांगा. तुम्ही बटण दाबताना नुसतं बोट दाबलं नाही, सगळा कॅमेरा खाली दाबलात. बघा की, घाई झाली होती तुम्हांला.”

मी एक-अष्टमांश सेकंदाने ते चित्र घेतले होते. भिंग ५० मिलिमीटरचे. हातात धरून काढावयाचे तर भिंगाची जेवढी लांबी तेवढ्याने सेकंदाला भागावे, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे मला निदान पन्नासांश सेकंद हवा होता. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरून घेणारी योजना असते आणि त्यामुळे हा ठोकताळा बराच सैल करता येतो, हे काकांनाही मान्य होते. पण ती योजना आपला हात सावरते. समोरून जाणारी आजी किंवा वाऱ्याने मान टाकणारी ज्योत सावरणे तिच्या हाती नाही.

दुसरे चित्र मी साठांश सेकंदाने घेतले होते आणि त्यासाठी कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, ज्याला आयएसओ म्हणतात, ती ८०० वरून ६४०० वर नेली होती. चित्र रेखीव होते. माझ्या मते हेच सर्वांत चांगले. काकांनी ते हातभर लांब धरले.

“दीपमाळ दारू प्यायली आहे का?”

ती डावीकडे झुकली होती. हे तर मला दिसलेही नव्हते.

“आणि ह्या पणत्या नाहीत, चुन्याचे ठिपके आहेत. ज्योतीला रंग असतो. मधे पिवळी, कडेला शेंदरी. तुमच्या चित्रात नुसता पांढरा कागद राहिला आहे. का, ते माहीत आहे?”

कारण असे. आपल्या देवळांचा दगड काळा; तो प्रकाश परत देण्यात कंजूष. कॅमेऱ्यातील मोजमाप करणारे यंत्र ते काळे दृश्य पाहते, येथे उजेड फार कमी आहे असे समजते, आणि सबंध चित्र उजळ करावयास जाते. दगड करडा होतो, त्यावर रवाळ दाणे उठतात, आणि ज्योती करपून पांढऱ्या पडतात. अंधाऱ्या भागातून नंतर थोडेफार काढता येते. जे एकदा शुभ्र पांढरे झाले त्यातून काहीच परत मिळत नाही. म्हणून कॅमेऱ्याला एक-दोन पायऱ्या कमी प्रकाश घ्यावयास सांगावे. ज्योतीचा रंग शाबूत ठेवावा. दगड काळा राहिला तर राहू द्यावा.

“अंधार राहू दे की. तो रात्रीचाच आहे, तुमचा नाही,” काका म्हणाले.

मग ते जरा रंगात आले. त्यांच्या उमेदीच्या काळी अशा कामाला ४०० एएसएची फिल्म घालावयाची. एका रोलवर ३६ चित्रे, आणि चित्र आले की गेले हे धुलाई झाल्यावर कळावयाचे. सबंध त्रिपुरीत बारा-पंधरा वेळा बटण दाबले तर पुष्कळ. दीपमाळेच्या दगडाला खांदा लावून, श्वास अर्धा सोडून, थांबून, मग. आता एका दमात चार-पाच चित्रे घेता येतात आणि त्यांतली मधली बहुधा स्थिर येतात, कारण बोट दाबण्याचा आणि सोडण्याचा धक्का पहिल्या-शेवटच्यांना बसतो; ही सोय उत्तम आहे आणि वापरावी, असे त्यांनी स्वतः सांगितले. जुन्याचा अभिमान असलेली माणसे नव्याला नेहमी नावेच ठेवतात हा समज त्यांनी तेवढ्यापुरता खोटा पाडला. तिसरे चित्र पाहिल्यावर मात्र पुन्हा खरा केला.

ते चित्र मोबाइलवरचे होते. हल्लीचे फोन अंधारात एकामागून एक अनेक चित्रे घेतात आणि ती एकमेकांत मिसळून एक उजळ चित्र तयार करतात. पुष्कळदा ते आश्चर्यकारक असते. येथे आकाश निळेभोर झाले होते, दगडाची कपची न् कपची दिसत होती; ज्योतींना मात्र दुहेरी कडा आल्या होत्या आणि पायऱ्यांवरून चाललेली एक बाई कमरेखाली नाहीशी झाली होती.

काका एवढेच म्हणाले, “ही त्रिपुरीची दुपार आहे काय?”

संध्याकाळी तीच तीन चित्रे मी आईपुढे ठेवली. दुसरे, म्हणजे त्यांतल्या त्यात निर्दोष, तिने पोथीच्या भिंगाखाली धरले. काकांचा सगळा अभिप्राय मी तिला ऐकविला. ते तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ते सगळं खरं असेल. पण नदी कुठं आहे?”

नदी नव्हती. तिन्ही चित्रांत नव्हती. मी वरच्या बाजूच्या चौथऱ्यावर उभा राहून दीपमाळ पुरती बसावी म्हणून कॅमेरा वर धरला होता, आणि पाणी खालच्या कडेबाहेर राहिले होते. काकांनी चित्रात जे होते त्याची परीक्षा केली. जे नव्हते ते त्यांनी शोधले नाही, कारण त्यांच्यापुढे चित्र होते. आईपुढे घाट होता.

“अरे, पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर बसायचं. उभं नाही राहायचं. तिथनं दिवे पाण्यात लांबच लांब दिसतात, पार पलीकडेपर्यंत. उभं राहिलं की तेच दिवे तुटतात.”

हे तिला कोणी शिकविले नव्हते. प्रकाशशास्त्र तिच्याच बाजूचे आहे. डोळा पाण्याच्या जितका जवळ आणि दृष्टी जितकी तिरपी, तितके पाणी अधिक प्रकाश परत पाठविते, आणि हलक्या तरंगांवर एकेका दिव्याची लांब रेघ होते. आणि आणखी एक गोष्ट, जी मला त्या वेळी सुचली नाही, काकांना दुसऱ्या दिवशी सांगितली तेव्हा त्यांनी तत्काळ ओळखली: पायरीवर बसले की कोपर गुडघ्यांवर टेकतात. देहाचीच तिवई होते. ती कोणाच्या वाटेत येत नाही.

“तुमच्या आईंना विचारा, आणखी काय काय ठाऊक आहे,” काका म्हणाले. हे त्यांचे कौतुक.

काशीलाही एक पंचगंगा घाट आहे. तेथे अहिल्याबाई होळकरांचा मानला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ याच तिथीला, देवदिवाळीला, पेटतो. गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापुरात याच पौर्णिमेला वाळवंटी नदीत शृंगारलेल्या नौका सोडतात. ज्यांना यंदा तिकडे जाण्याचा योग आहे त्यांनी लक्षात ठेवावे की पाण्यावरची नौका स्वतःच डोलत असते. तिला साठांश सेकंदही अपुरा पडावा. दीपस्तंभ त्या मानाने गुणी. आणि कोठेही गेलात तरी सर्वांत चांगला प्रकाश उजाडण्यापूर्वी अर्ध्या तासाच्या सुमाराचा, आकाश गर्द निळे होऊ लागते आणि दिव्याचे पिवळेपण अजून हरत नाही तो. मात्र तोवर पहाटे चारला लावलेल्या पणत्यांतले तेल सरत आलेले असते. खिशात तेलाची बाटली असावी; चित्रासाठी नव्हे, पण चित्रालाही तिचा उपयोग होतो.

गतवर्षी मी चारलाच घाटावर पोचलो. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. आधी महादेवापुढे बसून आईची वात लावली. साडेसातशे धाग्यांची वात पेटावयास वेळ घेते, आणि एकदा पेटली की तिची ज्योत पणतीसारखी लवलवत नाही, मशालीसारखी उभी राहते. ती नीट जळू लागल्यावर तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो. सव्वाशेवर नव्हे, एकोणतीस वेळा बटण दाबले. त्यांतली पाच स्थिर आली. एकात चंद्र पैलतीरी टेकला आहे, दीपमाळ सरळ उभी आहे, पणत्यांच्या रेघा पाण्यात मध्यापर्यंत गेल्या आहेत, आणि डाव्या कोपऱ्यात, देवळाच्या दारात, एक ज्योत इतरांहून मोठी आहे. दगडावर थोडे दाणे आहेत. काकांनी ते पाहिले, झुकलेले काही सापडते का म्हणून पट्टी लावून पाहिली, आणि परत दिले. “छापा,” एवढेच म्हणाले.

आईने ते देव्हाऱ्याच्या बाजूला लावून घेतले आहे. त्या दिवशी तिने भिंगातून ते बराच वेळ पाहिले. मोठ्या ज्योतीवर भिंग थांबले, मग पाण्यावर आले, मग पायऱ्यांवर.

“ही हिरव्या लुगड्यातली कोण रे? पाठमोरी आहे. माझ्या शेजारी बसायची ती एक होती, दर वर्षी यायची. नाव नाही मला माहीत.” आणि मग, भिंग पुसून ठेवीत, “यंदा जाशील तेव्हा जरा समोरून बघून ये.”